१८३२ च्या कायद्याची पायी फेरी : लंडनमधील एका हेरिटेज वॉकचे परीक्षण

लंडनमध्ये पायी फिरवून इतिहास सांगणाऱ्या लहानमोठ्या संस्था पुष्कळ आहेत, आणि त्यांपैकी बहुतेकांचा भर राजघराण्यातील प्रसंग, गाजलेले खून आणि दुसऱ्या महायुद्धातील बाँबहल्ले यांवर असतो. त्यामुळे इंग्लंडमधील मतदारसंघांची फेरवाटणी करून मताधिकार वाढवणाऱ्या १८३२ च्या संसदीय सुधारणा कायद्याला वाहिलेली तीन तासांची स्वतंत्र फेरी निघते असे कळले, तेव्हा मी लगेच नाव नोंदवले. अनेक वर्षे नागरिकशास्त्र शिकवताना हा कायदा मी फळ्यावर दोन ओळींत संपवत आले होते, आणि त्या दोन ओळींत काय काय राहून जाते याची बोचणी मला नेहमीच होती. या परीक्षणात काही उणिवाही सांगायच्या आहेत आणि अनुभव एकाच दिवसाचा आहे, म्हणून संस्थेचे आणि मार्गदर्शकांचे नाव मी लिहीत नाही. मार्ग मात्र पूर्ण देत आहे, म्हणजे ज्यांना स्वतःच्या पायांनी जायचे असेल त्यांनाही त्याचा उपयोग होईल.

शुल्क माणशी २२ पौंड होते. आम्ही अकरा जण होतो. मार्गदर्शक साठीच्या आसपासचे गृहस्थ होते. आवाज खणखणीत, पाठांतर केलेले भाषण नाही, आणि प्रश्न विचारला की थांबून उत्तर देण्याची तयारी. त्यांच्याकडे जुन्या चित्रांच्या छापील प्रतींची एक जाड फाइल होती आणि प्रत्येक थांब्यावर ते तिच्यातले एखादे पान सर्वांच्या हाती देत. या फायलीमुळे फेरीचे मोल दुप्पट झाले, कारण १८३२ चे लंडन आज फार थोड्या ठिकाणी उभे आहे.

सुरुवात हाइड पार्क कॉर्नरला, ड्यूक ऑफ वेलिंग्टन यांच्या ॲप्सली हाउससमोर होते. सुधारणेची कथा तिच्या सर्वांत मोठ्या विरोधकाच्या दारातून सुरू करणे ही मांडणी मला फार आवडली. २ नोव्हेंबर १८३० रोजी पंतप्रधान असलेल्या वेलिंग्टन यांनी हाउस ऑफ लॉर्ड्‌समध्ये, म्हणजे उमरावांच्या वरिष्ठ सभागृहात, सांगितले की देशाची प्रतिनिधित्वाची व्यवस्था लोकांच्या पूर्ण विश्वासास पात्र आहे आणि तिच्यात कोणताही बदल ते स्वतः आणणार नाहीत. ही व्यवस्था कशी होती? सॉल्झबरीजवळच्या ओल्ड सेरम या ओसाड टेकडीला दोन खासदार होते आणि मतदार मोजून अकरा. सफकमधील डनिच गावाचा बराच भाग शतकानुशतके समुद्राने गिळला होता तरी त्याचेही दोन खासदार कायम होते. आणि मँचेस्टर, बर्मिंगहॅम, लीड्‌स या प्रत्येकी लाखाहून अधिक वस्तीच्या शहरांना स्वतःचा एकही प्रतिनिधी नव्हता. वेलिंग्टन यांच्या त्या भाषणानंतर दोन आठवड्यांत त्यांचे सरकार पडले आणि सुधारणेच्या बाजूच्या व्हिग पक्षाचे लॉर्ड ग्रे पंतप्रधान झाले.

ॲप्सली हाउसच्या खिडक्यांची हकिगत मार्गदर्शकांनी ज्या संयमाने सांगितली, त्यासाठी त्यांचे विशेष कौतुक केले पाहिजे. एप्रिल १८३१ मध्ये संसद विसर्जित झाली तेव्हा सुधारणावाद्यांनी शहरभर दिवे लावून आनंद साजरा केला, आणि त्या काळच्या रिवाजानुसार ज्या घराच्या खिडकीत दिवा नसेल त्या घराच्या काचांवर दगड पडत. ॲप्सली हाउस अंधारात होते. २७ एप्रिलच्या रात्री जमावाने त्याच्या काचा फोडल्या. मात्र तीनच दिवसांपूर्वी वेलिंग्टन यांच्या पत्नीचे निधन झाले होते आणि त्यांचा मृतदेह त्याच घरात होता. ऑक्टोबरमध्ये पुन्हा दगडफेक झाली आणि पुढे खिडक्यांना लोखंडी झडपा बसल्या. सुधारणेच्या बाजूने बोलणारे बरेच जण या प्रसंगातला मृतदेह वगळतात आणि विरोधक त्या जमावाला राग का आला होता हे वगळतात. इथे दोन्ही गोष्टी एका दमात सांगितल्या गेल्या आणि आमच्यातील कोणीही काही क्षण बोलले नाही.

तेथून ग्रीन पार्क ओलांडून आम्ही सेंट जेम्स पॅलेस आणि त्याला लागून असलेल्या क्लॅरेन्स हाउसकडे गेलो. चौथे विल्यम राजा झाल्यावरही याच क्लॅरेन्स हाउसमध्ये राहत असत. येथे राजाची भूमिका उलगडण्यात आली, आणि ती शाळेच्या पुस्तकात असते तितकी सरळ नव्हती. ग्रे यांच्या सरकारातील लॉर्ड जॉन रसेल यांनी १ मार्च १८३१ रोजी पहिले विधेयक मांडले, तेव्हा रद्द होणाऱ्या मतदारसंघांची नावे ते वाचत असताना विरोधी बाकांवरून हशा उठत होता. पुढे समितीच्या टप्प्यावर सरकारचा पराभव झाला आणि ग्रे यांनी निवडणूक घेण्याची परवानगी मागितली. २२ एप्रिल रोजी राजा स्वतः उठून संसद विसर्जित करायला गेला. शाही गाडी वेळेत सिद्ध होत नसेल तर भाड्याच्या घोडागाडीतून जाईन, असे तो म्हणाल्याचे सांगतात. त्याच राजाने एका वर्षाने, मे १८३२ मध्ये, हाउस ऑफ लॉर्ड्‌समधील विरोध मोडण्यासाठी नवे उमराव नेमण्यास नकार दिला आणि ग्रे यांना राजीनामा द्यावा लागला. लोकांनी ज्याचा जयजयकार केला होता त्याच्याच गाडीच्या मागे आता हुर्यो होऊ लागली. मार्गदर्शकांनी राजाला नायकही केले नाही आणि खलनायकही केले नाही; दोन्ही वेळा तो मुख्यतः अशांततेला घाबरला होता, आणि कोणत्या बाजूने अधिक अशांतता येईल याचा त्याचा अंदाज बदलत गेला, असे त्यांचे म्हणणे होते. मला ते पटले.

पॅल मॅलवरील थांबा अनेकांना कोरडा वाटेल, पण माझ्या मते संपूर्ण फेरीतील सर्वांत मौल्यवान वीस मिनिटे तीच होती. या रस्त्यावर रिफॉर्म क्लबची इमारत आहे. क्लब १८३६ मध्ये स्थापन झाला आणि चार्ल्‌स बॅरी यांनी आखलेली त्याची वास्तू १८४१ मध्ये पूर्ण झाली. त्याच्या विरुद्ध पक्षाचा, म्हणजे वेलिंग्टन यांच्या टोरींचा कार्लटन क्लब कायद्याच्याच वर्षी, १८३२ मध्ये निघाला आणि पुढे अनेक दशके याच रस्त्यावर होता. क्लब आणि कायदा यांचा संबंध काय, तर मतदारयादी. १८३२ पूर्वी मतदारांची कायमची, दरवर्षी दुरुस्त होणारी यादी नव्हती. मतदानाच्या ठिकाणी माणूस आला की त्याला अधिकार आहे की नाही यावर तेथेच वाद होत असे. नव्या कायद्याने यादी तयार करणे, ती प्रसिद्ध करणे, तिच्यावर हरकती घेणे आणि त्यांचा निकाल वकिलांकडून लावून घेणे अशी पद्धत सुरू केली. नाव नोंदवायला एक शिलिंग शुल्क ठेवले. परिणाम असा झाला की निवडणूक नसलेल्या वर्षीही पक्षांना काम मिळाले: आपल्या माणसाचे नाव यादीत घालणे आणि समोरच्याच्या माणसावर हरकत घेणे. त्यासाठी कार्यालय लागले, गावोगावचे हस्तक लागले, पैसा लागला आणि हे सर्व एकत्र बांधणारे ठिकाण लागले. आजच्या अर्थाने ज्याला पक्षसंघटना म्हणतात तिची बीजे या दगडी इमारतींत आहेत, हे त्या रस्त्यावर उभे राहून ऐकताना जितके स्पष्ट झाले तितके मला कोणत्याही वाचनातून झाले नव्हते. कायद्याच्या मोठ्या कलमांपेक्षा त्याच्या कारकुनी कलमांनी राजकारण अधिक बदलले, असे मी आता म्हणेन.

दहा पौंडांच्या अटीबद्दलही येथेच चर्चा झाली. शहरी मतदारसंघांत वर्षाला किमान १० पौंड भाडेमूल्य असलेले घर किंवा दुकान ज्या पुरुषाच्या ताब्यात असेल आणि ज्याने त्यावरील कर भरले असतील, त्याला मत मिळाले. आकडा सर्वत्र एकच, पण भाडी सर्वत्र सारखी नव्हती. लंडनमध्ये घरभाडी चढी असल्याने बऱ्याच कारागिरांपर्यंत हा हक्क पोचला. उत्तरेकडील कापडगिरण्यांच्या शहरांत कामगाराचे घर या रेषेच्या पुष्कळ खाली राहिले. इंग्लंड आणि वेल्स मिळून मतदार सुमारे ४ लाखांवरून साडेसहा लाखांच्या आसपास गेले, म्हणजे साधारण पाचांतला एक प्रौढ पुरुष. ५६ मतदारसंघ पूर्णपणे रद्द झाले, आणखी ३० मतदारसंघांचा दोनपैकी एक खासदार गेला, आणि मँचेस्टर, बर्मिंगहॅम, लीड्‌स, शेफील्डसारख्या २२ ठिकाणांना प्रत्येकी दोन खासदार मिळाले.

यानंतरचा थांबा चेरिंग क्रॉसचा. येथे १६ क्रमांकाच्या घरात फ्रान्सिस प्लेस या शिंप्याचे दुकान होते आणि त्याच्या मागच्या खोलीत पुस्तके, पत्रके आणि कात्रणे यांनी भरलेले ग्रंथालय होते. लंडनमधील सुधारणावादी मंडळींचा तो अड्डाच होता. दुकान केव्हाच गेले आहे, आणि आता तेथे वाहनांचा इतका गोंगाट असतो की मार्गदर्शकांनी आम्हांला बाजूच्या गल्लीत नेऊन पुढचे सांगितले. पण जे सांगितले ते ऐकण्यासारखे होते. ८ ऑक्टोबर १८३१ रोजी हाउस ऑफ लॉर्ड्‌सने निवडणुकीनंतर मांडलेले दुसरे विधेयक १९९ विरुद्ध १५८ मतांनी, म्हणजे ४१ मतांनी फेटाळले; सभागृहातील बिशपांपैकी २१ जणांनी विरोधात मत दिले. नॉटिंगहॅमचा किल्ला जळाला, डर्बीत दंगल झाली, आणि महिनाअखेरीस ब्रिस्टल तीन दिवस जमावाच्या हाती होते. तिसरे विधेयक आले. ७ मे १८३२ रोजी लॉर्ड लिंडहर्स्ट यांच्या सूचनेवर सरकार पुन्हा हरले, ग्रे यांनी ९ मे रोजी पद सोडले आणि राजाने वेलिंग्टन यांना सरकार बनवता येते का ते पाहायला सांगितले.

पुढचे दिवस ब्रिटिश इतिहासात ‘मेचे दिवस’ म्हणून ओळखले जातात. बर्मिंगहॅममध्ये टॉमस ॲटवुड यांच्या पोलिटिकल युनियन या सुधारणावादी संघटनेने न्यूहॉल हिल येथे प्रचंड सभा घेतल्या होत्या. कर न भरण्याच्या शपथा घेतल्या जात होत्या. आणि प्लेस यांच्या मंडळींनी भित्तिपत्रक काढले, ‘ड्यूकला रोखायचे असेल तर सोने काढून घ्या.’ हे वाक्य मी अनेकदा वाचले होते, पण त्यामागचा व्यवहार मला येथे समजला. बँक ऑफ इंग्लंडच्या नोटा १८२१ पासून मागताक्षणी सोन्यात बदलून देणे बंधनकारक होते. एखाद्या सामान्य दुकानदाराने आपली नोट घेऊन जाऊन सोने मागणे हा गुन्हा नव्हता, दंगल नव्हती, राजद्रोह तर नव्हताच. तो त्याचा साधा हक्क होता. हजारो लोकांनी तोच हक्क एकाच आठवड्यात बजावला तर मात्र बँकेचा साठा आटू लागतो आणि कोणत्याही नव्या सरकारची पहिली सकाळ आर्थिक संकटात उजाडते. ज्यांना मत नव्हते त्यांच्यातील अनेकांपाशीही थोडी का होईना बचत होती, आणि ती त्यांनी मतासारखी वापरली. टोरी नेते रॉबर्ट पील यांनी वेलिंग्टन यांच्या सरकारात येण्यास नकार दिला, १५ मे रोजी वेलिंग्टन यांनी प्रयत्न सोडला, ग्रे परत आले आणि आवश्यक तेवढे उमराव नेमण्याची कबुली राजाला द्यावी लागली. नेमावे कोणालाच लागले नाही. विरोधी उमराव मोठ्या संख्येने सभागृहातून दूर राहिले, ४ जून रोजी तिसरे, म्हणजे शेवटचे, वाचन १०६ विरुद्ध २२ मतांनी झाले आणि ७ जून १८३२ रोजी विधेयकाचा कायदा झाला. त्या संमतीसाठी राजा स्वतः आला नाही. ती त्याच्या वतीने देण्यात आली.

प्लेस यांचा स्वतःचा वेस्टमिन्स्टर मतदारसंघ आधीपासूनच बराच मोकळा होता, हेही मार्गदर्शकांनी सांगितले, आणि हा मुद्दा सहसा कोणी सांगत नाही. स्थानिक कर भरणाऱ्या घरमालकांना आणि भाडेकरू पुरुषांना तेथे जुन्या रिवाजाने मत होते. मतदार दहा हजारांहून अधिक होते. लँकशरमधील प्रेस्टन येथे तर जवळजवळ प्रत्येक रहिवासी प्रौढ पुरुष मत देऊ शकत असे. अशा ठिकाणी नव्या कायद्याने जुन्या मतदारांचा हक्क त्यांच्या हयातीपुरता ठेवला, पण त्यांच्या मुलांना १० पौंडांची अट लागू झाली. म्हणजे काही गावांत गरिबांचे मत कायद्यामुळे हळूहळू नाहीसे झाले. मताधिकाराचा ‘विस्तार’ हा शब्द वर्गात वापरताना मी यापुढे थोडी थांबेन.

व्हाइटहॉल आणि डाउनिंग स्ट्रीट हा भाग गर्दीमुळे घाईत झाला. तेथे फारसे काही हाती लागत नाही. लोखंडी दारापलीकडे पाहायला मिळते तेवढेच.

पार्लमेंट स्क्वेअरमध्ये मात्र पुन्हा रंग भरला. या चौकातील पुतळ्यांत विधेयकाला शेवटपर्यंत विरोध करणारे पील आहेत, संसदीय सुधारणेला आयुष्यभर नकार देणारे कॅनिंग आहेत. ग्रे यांच्या मंत्रिमंडळातील पामर्स्टन आणि त्याच सरकारात असलेले, पुढे डर्बीचे अर्ल झालेले स्टॅन्ली आहेत. स्वतः ग्रे नाहीत. त्यांचा भव्य स्तंभ दूर न्यूकॅसलमध्ये आहे. मार्गदर्शक आम्हांला तेथून स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढलेल्या मिलिसेंट फॉसेट यांच्या २०१८ मध्ये उभारलेल्या पुतळ्यापाशी घेऊन गेले आणि त्यांनी फायलीतून कायद्याच्या कलमाची प्रत काढली. १८३२ च्या कायद्याने नव्या मतदाराचे वर्णन करताना ‘पुरुष व्यक्ती’ असे शब्द घातले. रिवाजाने स्त्रिया आधीही मतदानापासून दूर होत्या, पण संसदेच्या निवडणुकीसाठी ते अंतर कायद्याच्या शब्दांत प्रथम येथे लिहिले गेले. ३ ऑगस्ट १८३२ रोजी, म्हणजे कायदा होऊन दोन महिनेही झाले नसताना, प्रेस्टनचे खासदार हेन्री हंट यांनी यॉर्कशरमधील मेरी स्मिथ यांचा अर्ज कॉमन्समध्ये, म्हणजे निवडून आलेल्या खासदारांच्या सभागृहात, सादर केला. आपण कर भरतो, कायद्यापुढे उत्तरदायी आहोत, मग मालमत्तेची अट पूर्ण करणाऱ्या अविवाहित स्त्रियांना मत का नसावे, असा तिचा प्रश्न होता. सभागृहाने तो थट्टेवारी नेला. फॉसेट यांच्या पुतळ्याखाली मेरी स्मिथ यांचे नाव घेण्याची कल्पना ज्या कोणाला सुचली असेल, त्याला या विषयाची खरी आस्था आहे.

शेवटचा थांबा ओल्ड पॅलेस यार्ड. येथे मला पहिली मोठी तक्रार नोंदवायची आहे. फेरीच्या सुरुवातीला प्रत्येकाला एक छापील पत्रिका मिळते आणि तिच्या मुखपृष्ठावर घड्याळाचा मनोरा असलेले आजचे संसदभवन छापले आहे. हा मनोरा १८५९ मध्ये पूर्ण झाला; १८३२ ची संसद येथे होती, पण या इमारतीत नव्हती. जुने वेस्टमिन्स्टर १६ ऑक्टोबर १८३४ च्या रात्री जळाले. सरकारी हिशेबाच्या जुन्या लाकडी पट्ट्या भट्टीत जाळताना ती आग लागली होती, आणि वेस्टमिन्स्टर हॉल मात्र वाचला. आजची वास्तू त्यानंतर त्याच चार्ल्‌स बॅरी यांनी ऑगस्टस प्यूजिन यांच्या साहाय्याने उभी केली. मार्गदर्शकांनी हे सर्व तोंडी नीट सांगितले, पण पत्रिका घरी नेणाऱ्याच्या मनात राहते ते चित्रच. फायलीत जुन्या सभागृहाची इतकी चांगली चित्रे असताना मुखपृष्ठावर हे चित्र यावे याचे मला मनापासून वाईट वाटले.

जॉर्ज हेटर यांनी १८३३ च्या सुधारित कॉमन्सचे जे विशाल चित्र रंगवले आणि ज्यात सुमारे ३७५ माणसे ओळखू येतील अशी काढली आहेत, त्याची घडीची प्रत येथे उलगडून दाखवतात. सेंट स्टीफन्स चॅपल या मध्ययुगीन प्रार्थनागृहात कॉमन्स भरत असे. सदस्य ६५८, जागा अपुरी, बाक समोरासमोर. स्त्रियांना प्रेक्षकसज्जात प्रवेश नव्हता, म्हणून ज्यांना चर्चा ऐकायची असे त्या छतावरच्या माळ्यात झुंबराच्या झरोक्याभोवती बसून खालचे शब्द वेचत. २२ मार्च १८३१ च्या रात्री सुरू झालेले आणि पहाटे संपलेले पहिले मोठे मतदान येथेच झाले. त्या वेळी मत मोजण्याची रीत अशी होती की एक बाजू सभागृहातच बसून राही आणि दुसरी बाहेरच्या दालनात जाई. त्या रात्री विधेयकाचे समर्थक आत राहिले. दारे बंद झाली, त्यांची मोजणी आधी झाली, आकडा आला ३०२. बाहेर किती आहेत ते आत कोणालाच ठाऊक नव्हते. टॉमस मेकॉले यांनी मित्राला लिहिलेल्या पत्रात त्या प्रतीक्षेचे वर्णन केले आहे. हे मेकॉले स्वतः लॉर्ड लॅन्सडाउन यांच्या प्रभावाखालील कॅल्न या छोट्या मतदारसंघातून निवडून आलेले होते आणि अशाच मतदारसंघांच्या विरोधात बोलत होते. बाहेरचा आकडा आला ३०१. एका मताने विधेयक पुढे गेले.

फेरी बाहेरच संपते. मी दुसऱ्या दिवशी संसदभवनाच्या नेहमीच्या भेटीचे तिकीट काढून सेंट स्टीफन्स हॉलमध्ये गेले. जुन्या चॅपलच्याच जागेवर तो बांधलेला आहे आणि सभापतींची खुर्ची जेथे होती ती जागा जमिनीवर पितळी खुणांनी दाखवली आहे. त्या खुणांपासून पलीकडच्या भिंतीपर्यंत मी सावकाश चालत गेले. अंतर फारच थोडे आहे. इतक्या अरुंद जागेत सहाशे माणसे रात्रभर बसून एका आकड्याची वाट पाहत होती, हे कळायला पायांनी ते अंतर मोजावे लागते, आणि म्हणून संस्थेने ही भेट फेरीत समाविष्ट करावी, वाढीव शुल्क घ्यावे लागले तरी, असे मला वाटते.

आता मोठ्या उणिवेकडे येते. ही फेरी टेम्सच्या उत्तर तीरावरच राहते. ब्लॅकफ्रायर्स पुलाच्या दक्षिणेला ब्लॅकफ्रायर्स रोडवर रोटंडा नावाचे सभागृह होते आणि १८३१ व १८३२ मध्ये नॅशनल युनियन ऑफ द वर्किंग क्लासेस ही कामगारांची संघटना तेथे सभा घेत असे. विल्यम लव्हेट आणि हेन्री हेदरिंग्टन ही तिच्यातील ठळक नावे. वर्तमानपत्रावर प्रती चार पेन्सचा मुद्रांक कर असताना हेदरिंग्टन यांनी जुलै १८३१ मध्ये कर न भरता एका पेनीचे ‘पुअर मॅन्स गार्डियन’ सुरू केले, ते कायद्याविरुद्ध निघते आहे असे पहिल्याच पानावर उघड छापले, आणि असली बेकायदा पत्रे विकल्याबद्दल त्या काळात शेकडो विक्रेते तुरुंगात गेले. या मंडळींचा विधेयकावरचा आक्षेप वेलिंग्टन यांच्या आक्षेपाच्या नेमका उलट होता: मध्यमवर्गाला आत घेऊन दार लावून घेतले जाईल आणि कामगार बाहेरच राहतील. पुढची वर्षे पाहिली तर त्यांची भीती खोटी म्हणता येत नाही. नव्या संसदेने १८३३ मध्ये साम्राज्याच्या बहुतांश भागातील गुलामगिरी रद्द करणारा कायदा केला, गिरण्यांतील मुलांच्या कामाचे तास मर्यादित केले, आणि त्याच संसदेने १८३४ मध्ये गरिबांना मदतीसाठी वर्कहाउसच्या, म्हणजे सक्तीच्या कामाच्या आश्रयगृहाच्या, दारात उभे करणारा कायदाही केला. १८३८ मध्ये लव्हेट यांनी प्लेस यांच्या साहाय्याने व्यापक मताधिकार मागणारी ‘जनतेची सनद’ लिहिली, आणि तिच्यातील सहा मागण्यांपैकी गुप्त मतदानाची मागणी मान्य व्हायला १८७२ उजाडले. प्लेस सोडले तर तीन तासांच्या फेरीत यातील एकही नाव आले नाही. मी विचारले तेव्हा मार्गदर्शकांनी प्रांजळपणे सांगितले की पूल ओलांडला तर वेळ पुरत नाही. वेळेचा प्रश्न खरा आहे, पण डाउनिंग स्ट्रीटच्या दारापाशी गेलेला वेळ रोटंडाला देता आला असता, निदान फायलीतील एका पानाच्या रूपाने. स्कॉटलंड आणि आयर्लंड यांचे वेगळे कायदे त्याच वर्षी झाले याचाही उल्लेख नव्हता. स्कॉटलंडचे मतदार सुमारे साडेचार हजारांवरून ६५ हजारांच्या आसपास गेले, आणि हा बदल इंग्लंडमधील बदलापेक्षा प्रमाणाने कितीतरी मोठा आहे.

आणखी एक नाव मी स्वतःहून जोडते. राजा राममोहन रॉय एप्रिल १८३१ मध्ये इंग्लंडला पोचले आणि विधेयकाचा लढा ऐन भरात असताना लंडनमध्ये, बेडफर्ड स्क्वेअरमध्ये हेअर कुटुंबाकडे राहत होते. विधेयक हरले तर या देशाशी असलेला आपला संबंध आपण तोडू, असे त्यांनी जाहीरपणे म्हटले होते. कायदा झाल्यावर जुलै १८३२ मध्ये लिव्हरपूलच्या विल्यम रॅथबोन यांना लिहिलेल्या पत्रात ते याचा उल्लेख करतात. याच जुलैमध्ये सतीबंदीविरुद्धचे अपील प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळाने, फेटाळले, आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदेचा प्रश्न पुढच्याच वर्षी याच सुधारित संसदेपुढे येणार होता; त्यामुळे वेस्टमिन्स्टरमध्ये कोण बसते याची त्यांना काळजी असणे स्वाभाविक होते. ४९, बेडफर्ड स्क्वेअरच्या भिंतीवर त्यांच्या नावाची पाटी आहे. माझ्या प्रश्नावर मार्गदर्शकांनी वहीत नोंद केली आणि हा संबंध आपल्याला माहीत नव्हता असे मोकळेपणाने मान्य केले.

ज्यांना या काळाची थोडी तरी ओळख आहे त्यांनी ही फेरी अवश्य करावी, आणि ज्यांना नाही त्यांनी आदल्या रात्री घटनाक्रम एकदा वाचून जावे, कारण पहिले, दुसरे आणि तिसरे विधेयक यांच्यात नवख्याचा गोंधळ होतो. आमच्या गटातील दोघांचा तो शेवटपर्यंत फिटला नव्हता. अंतर चार किलोमीटरच्या आसपास आहे, पण बसायला जागा फक्त ग्रीन पार्कमध्ये आणि पार्लमेंट स्क्वेअरमध्ये मिळते, त्यामुळे ज्यांना सलग उभे राहणे जड जाते त्यांनी ते आधी कळवावे. चेरिंग क्रॉसला ऐकू येत नाही; मार्गदर्शकांच्या जवळ उभे राहावे.

फेरी संपल्यावर माझ्यापाशी दुपार शिल्लक होती. ओल्ड पॅलेस यार्डमधून मी नदीकाठाने पूर्वेला चालत ब्लॅकफ्रायर्स पुलापर्यंत गेले आणि पूल ओलांडला. रमतगमत पाऊण तासाच्या आत पोचले. रोटंडाची इमारत आज तेथे नाही. पुलाच्या दक्षिण टोकाला ब्लॅकफ्रायर्स रोड सुरू होतो, आणि त्याच्या पहिल्याच काही पावलांत ती जागा मागे पडते.